फॅनचा कौल

आप्पा गुरवांचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला जरा थांबावं लागतं. पाठ मात्र चटकन आठवते. काळी, रुंद, उन्हाळ्यात घामोळ्यांनी भरलेली, आणि डाव्या खांद्याखाली रुपयाएवढा भाजल्याचा डाग. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत तीस वर्षं काढली, त्याची ती खूण. ते गाभाऱ्यात देवाकडं तोंड करून बसायचे आणि आम्ही बाहेर, उंबऱ्याशी. त्यामुळं गावातल्या निम्म्या माणसांना आप्पा पाठमोरेच ठाऊक होते.

आमचं गाव खानापूर रस्त्यावर. देव रवळनाथ. लग्न असू दे, बोअर मारायची असू दे, म्हैस विकायची असू दे, आधी देवाला विचारायचं, म्हणजे कौल लावायचा. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या. एक मूर्तीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नको. एकही पडली नाही तर देव अजून बोललेला नाही, बसून राहायचं. कधी पाच मिनिटं, कधी दोन तास. आणि माझ्यासारख्या माणसाला पाच मिनिटं म्हणजेसुद्धा अंगावर मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं.

देवळात पाऊल टाकलं की आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला. मागं वळून न बघता विचारायचे, "घाई हाय काय?"

"व्हय आप्पा, सेकंड शिफ्ट हाय," असं कोणी बोललं की संपलं. "मग उद्या ये." वाद नाही, समजावणं नाही. माणूस चिडून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन खोटं बोलायचा. मीही बोललोय. "न्हाय आप्पा, कसली घाई?" म्हणायचं आणि आतून पायाचा अंगठा हलवत राहायचं.

दुसरा नियम बुट्टीचा. उंबऱ्याजवळ वेताची एक बुट्टी असायची. आत येताना हातातलं घड्याळ आणि खिशातला फोन तिच्यात टाकायचा. पंचायतीचा अध्यक्ष आला तरी टाकायचा. एकदा गोव्यात कामाला असलेल्या एका भक्तानं देवळाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, खाली लाल रंगात स्वतःचं नाव घालून. आप्पांनी नको म्हटलं नाही. खिळा ठोकून छान टांगलं. तिसऱ्या दिवशी घड्याळ बंद. कमिटीवाल्यांनी उघडून बघितलं तर आत सेल नाही. सेल आप्पांच्या बॅटरीत.

"आप्पा, हे काय ओ?"

"देवाला दिलंय न्हवं घड्याळ? मग देव चालवंल की!"

तिसरी गोष्ट अशी, की ते आत एका वेळी एकालाच घ्यायचे. बाकीच्यांनी बाहेर कट्ट्यावर बसायचं. कुणाला किती वेळ लागला ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. पण माणसं कसली ऐकतात! बाहेर येणारा चप्पल घालता घालता सांगणारच, "माझी तर दोन मिनिटांत पडली बघा." मग कट्ट्यावरचा एखादा तोंड पाडून म्हणायचा, "आमची सकाळधरनं चिकटून हाय." आतनं आप्पांचा आवाज यायचा. "पाकळी पडायची शर्यत लावलीय काय रं? त्याचं त्याला, तुझं तुला!"

माझी आणि आप्पांची ओळख खरं तर देवळातली नाही, बसस्टॉपवरची. मी उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये लागलो तेव्हा ते रिटायर व्हायला आले होते. सकाळची बस आमच्या गावात यायची तीच भरलेली. कंडक्टर कानडीत "मुंदे होगरी, मुंदे", पुढं सरका म्हणून ओरडत असायचा आणि मी दांडीला लोंबकळून एक पाय आत टाकायचो. आप्पा डबा काखेत धरून तसेच उभे. बस बघायचे आणि म्हणायचे, "ही आपली न्हवं." निघून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून मी त्यांना बघायचो. आता वाटेल की पुढं जाऊन माझी बस बंद पडायची आणि ते आरामात पोचायचे. अजिबात नाही. मी वेळेवर पोचायचो, ते उशिरा पोचायचे आणि त्यांचा अर्धा दिवस कापला जायचा. संध्याकाळी परत येताना चेहरा तसाच, डबा तसाच काखेत. मला त्याचाच राग यायचा. अर्धा दिवस गेलेल्या माणसानं थोडं तरी कण्हावं की नाही?

"आप्पा, तुमच्या मागनं लागलेले लोक सुपरवायझर झाले," मी एकदा मुद्दाम टोचलं.

"व्हय की," ते म्हणाले. "चांगली माणसं हाईत ती." आणि डब्यातली उरलेली अर्धी भाकरी मला दिली.

घरात दोघंच, ते आणि त्यांची लेक सुमन. बायको सुमन दहावीत असतानाच गेली. सुमन शहरात, खासबागेत एका साडीच्या दुकानात पिको-फॉलचं काम करायची. हात असा साफ की बायका नाव घेऊन तिलाच मागायच्या. वय चौतीस झालेलं. तिच्या वर्गातल्या मुलींची मुलं दहावीच्या क्लासला जायला लागली होती, आणि गावाला दुसरं काही काम नसल्यासारखं सगळे तेच मोजत बसायचे. स्थळं येत नव्हती असं नाही. येत आणि निघून जात. कारण आप्पा तिच्यासाठी कौलच लावत नव्हते, आणि कौल नाही तर आमच्याकडं पुढची बोलणी नाहीत.

"साऱ्या गावाचा लावता, पोटच्या पोरीचा का न्हाय?" असं त्यांना कितीजणांनी विचारलं असेल. मीही विचारलं. त्या दिवशी ते कधी नव्हे ते सविस्तर बोलले.

"सदा, पाणी जरा कमी लावलं की पाकळी लवकर पडती. हे मला म्हाईत हाय, तुला न्हाय. लोकांचा लावताना माझा हात सारखा चालतो. पोरीचा लावताना चालंल काय? उजवीकडं एक थेंब कमी पडला, तर ते देवानं दिलं की मी चोरलं?"

मला तेव्हा ते अतीच वाटलं. एक थेंब! पोरगी घरात म्हातारी व्हायला लागली आणि हा माणूस थेंब धरून बसलाय.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी युवक मंडळानं गाभाऱ्यात फॅन बसवला. भिंतीवरचा, मान फिरवणारा नाही, सरळ वारा सोडणारा. आप्पा घामानं भिजतात म्हणून पोरांनी आपुलकीनं बसवला होता. आप्पांनी नुसतं "कशाला रं" म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांनाही बरं वाटलं असणार. सत्तरी जवळ आली होती.

आणि गावाला सुगीचे दिवस आले. ज्याला त्याला उजवा. पटापट. कट्ट्यावर बसायलाही लागेना. भरमाला बोअरचा उजवा मिळाला, कुणाला ट्रॅक्टरचा, कुणाला घर बांधायचा. "देव लई खूश हाय औंदा," असं माणसं बोलायला लागली.

मीही गेलो. माझा चुलतभाऊ विजय पुण्याला. आम्ही एकाच वर्षी डिप्लोमा केला, एकाच बाकावर बसून. त्याचा फ्लॅट झाला, गाडी झाली, आणि रोज सकाळी त्याचा स्टेटस बघितल्याशिवाय माझा चहा घशाखाली उतरायचा नाही. मी अजून उद्यमबागेतच, त्याच मशीनवर. राजीनामा देऊन पुण्याला जाऊ काय, असा कौल मी लावायला सांगितला. अंगठा हलवायलाही वेळ मिळाला नाही. उजवी पडली. मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला.

त्याच दिवसांत सुमनला निपाणीचं स्थळ आलं. प्रकाश नावाचा माणूस, तंबाखूच्या वखारीत कामाला, अडतीस वर्षांचा. तीन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. दोघं एकदा भेटले, मग फोनवर बोलायला लागले. सुमन दुकानातून येताना एकटीच हसायला लागली, हे माझ्या बायकोनं मला सांगितलं. मग एका संध्याकाळी सुमन बापाच्या पुढ्यात जाऊन बसली.

"आप्पा, आतापत्तूर कधी मागितलं न्हाय. एकदा लावा. डावा आला तर मी परत नाव काढणार न्हाय."

आप्पांनी लावला. मी तिथंच होतो, साक्षीला म्हणून बोलावलेला.  पाकळी चिकटवून ते मागं सरतात न सरतात तोवर उजवी पडली. आप्पांनी देवाच्या पायावर डोकं ठेवलं आणि तसेच राहिले. उठले तेव्हा डोळे लाल झालेले. "इतकी वर्सं मी उगंच भ्यालो, सदा," म्हणाले. आठवड्याभरात निपाणीची माणसं आली, सुपारी फुटली.

आणि मग एका सकाळी लाईट गेली.

लक्ष्मीआक्का म्हशीचा कौल लावायला आलेली. विकायची काय, म्हणून. दोन तास झाले, दोन्ही पाकळ्या चिकटलेल्या. आक्का कुरकुरायला लागली, सगळ्यांच्या पटापट पडतात आणि माझीच बरी अडून बसली. तेवढ्यात लाईट आली, फॅन फिरायला लागला, आणि उजवी पडली. आक्का खूश होऊन उठली. जाताना तिनं बघितलं ते तिनं नंतर गावाला सांगितलं. "आप्पा देवाकडं न्हाय, फॅनकडं बघत हुता."

आक्का गेल्यावर आप्पांनी फॅन बंद केला आणि काही न विचारता नुसत्याच पाकळ्या लावल्या. पडेनात. फॅन लावला. उजवी पडली. परत बंद, परत चालू. चार वेळा केलं म्हणे. फॅनचा वारा मूर्तीच्या उजव्या अंगावर जात होता. तिकडचं पाणी आधी सुकायचं. एवढंच.

दुसरा कोणी असता तर फॅन काढून गप्प बसला असता. कुणाला कळणार होतं? आप्पांनी त्याच दिवशी अंगात सदरा घातला आणि घरोघर निघाले. कुणाकुणाला फॅनखाली कौल मिळाला ते त्यांना तोंडपाठ होतं.

भरमाच्या दारात मोठा तमाशा झाला. "माझ्या बोअरला पाणी लागलंय ओ! आता कौल माघारी घेतला म्हणून काय बोअर बुजवू?"

"पाणी लागलं ते बरंच झालं," आप्पा म्हणाले. "फकस्त ते देवानं सांगितलं असं म्हणू नगंस. देव बोलला न्हवता."

माझ्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आले. मी ब्रश करत होतो.

"सदा, तुझा कौल माघारी घ्यायला आलोय. तो फॅनचा हुता."

माझ्या तोंडातला फेस तसाच. "आप्पा, मी राजीनामा दिलाय! आता काय करू?"

"ते मला काय म्हाईत? पुन्ना लावायचा असंल तर ये. घाई नसंल तवा."

मी त्यांना वाटेल ते बोललो. म्हातारे झालात, देवळाची किल्ली द्या कुणाकडं तरी, असंही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या घराकडं गेले. साहेबांनी माझा कागद अजून वर पाठवला नव्हता. तो मी परत आणला. आजही तिथंच आहे, आणि विजयचा स्टेटस आजही बघतो. माझ्यात सुधारणा झाली असं कुणी समजू नये.

शेवटचं घर त्यांचं स्वतःचं. सुमन चुलीपुढं होती. "सुमे, तुझाबी फॅनचाच," एवढंच ते बोलले. सुमननं हातातली उलथणी भिंतीवर फेकली. चार घरं पलीकडं आम्हाला ऐकू आलं.

"तुमच्या देवापरास तो फॅन बरा हुता, आप्पा! त्यानं निदान व्हय तरी म्हटलं!"

आप्पांनी निपाणीला फोन करून सांगितलं की कौल पुन्हा लावायला लागेल. प्रकाशचे काका भडकले. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. सुपारी फुटलेली, आणि हा माणूस फॅन सांगतोय. "खेळ लावलाय काय? येत्या रविवारी संध्याकाळी सहापत्तूर काय ते कळवा. न्हाय तर आमच्या हातात दुसरं स्थळ हाय."

त्या रविवारी आप्पांनी सकाळीच मला बोलावलं. आदल्या आठवड्यात मी काय काय बोललो होतो ते जणू घडलंच नव्हतं. भिंतीवर फॅनच्या जागी नुसते चार खिळे. बुट्टीत मी घड्याळ टाकलं, फोन टाकला. सुमननंही तिचा टाकला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून. आप्पांनी दोन्ही पाकळ्या एकाच वाटीत बुडवल्या, चिकटवल्या आणि मला म्हणाले, "जवळ ये. नीट बघ. दोन्हीकडं पाणी सारखं हाय न्हवं?"

मी बघितलं. दगडावरचे थेंबसुद्धा मोजावेत इतकं वाकून बघितलं. "सारखं हाय, आप्पा."

"मग झालं." आणि ते बसले.

दहा वाजले असतील, अकरा वाजले असतील. घड्याळ बुट्टीत, त्यामुळं मी उन्हावरून अंदाज घेत होतो. ऊन पायरीवरून सुमनच्या पायांवर आलं, मग गुडघ्यांवर आलं. ती हलली नाही. मी मात्र दहा वेळा उठलो, दहा वेळा बसलो. कट्ट्यापर्यंत जाऊन यायचो. पाकळ्या तिथंच. दुपारी माझ्या बायकोनं भाकरी-पिठलं पाठवलं, ते तसंच राहिलं. मनात एक पाप आलं, ते सांगून टाकतो. आप्पा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, नुसती एक फुंकर मारली तर कुणाला कळणार आहे? पोरीचा जन्म मार्गी लागेल. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलोसुद्धा. आप्पांची पाठ बघितली आणि माघारी आलो.

ऊन उतरलं. गुरं परत येताना दिसायला लागली, म्हणजे सहा जवळ आले. आणि बुट्टीतला फोन वाजला.

सुमनचा. गाभाऱ्यात तो आवाज केवढा मोठा वाटला! सुमन उठली, बुट्टीशी येऊन उभी राहिली. फोनच्या उजेडात तिचा चेहरा दिसत होता.

"उचल की गं," मी म्हणालो.

"काय सांगू उचलून?"

फोन बंद झाला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला. ती तशीच उभी, ओठ आवळून. मग फोन गप्प झाला तो झालाच. सुमन परत पायरीवर जाऊन बसली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती रडतेय, पण आवाज नव्हता.

त्या शांततेत आप्पा बोलले. सकाळी बसल्यापासून पहिल्यांदा.

"सदा, किती वाजलं रं?"

मला आधी कळेचना की हे कोण बोललं. तीस वर्षं भरलेल्या बस सोडून देणारा माणूस, देवळाच्या घड्याळातला सेल काढून घेणारा माणूस वेळ विचारत होता. आवाज अगदी बारीक झालेला.  मी बुट्टीकडं गेलो, घड्याळ उचललं. सव्वासहा होऊन गेले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"नगं. सांगू नगं."

हात खाली मांडीवर आला. मी घड्याळ परत बुट्टीत टाकलं. बाहेर सुमननं मान वळवून बापाकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पायरीवरून उठून आत, उंबऱ्याशी येऊन बसली, बापाच्या मागं, हातभर अंतरावर.

किती वेळ गेला सांगता येत नाही. समई लावायची वेळ झाली तशी सुमननंच ती लावली. त्या उजेडात दोन्ही पाकळ्या स्पष्ट दिसत होत्या, उजवी उजवीकडं, डावी डावीकडं. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल येऊन थांबली. हेल्मेट काढत एक माणूस पायऱ्यांशी आला. अंगावर हायवेची धूळ, शर्टाला तंबाखूचा वास. प्रकाश. काका नाहीत, मामा नाहीत, एकटाच.

मला वाटलं आता भांडण होणार. फोन का उचलला नाही, आमची काय इज्जत, सगळं. त्यानं सुमनकडं बघितलं, आप्पांच्या पाठीकडं बघितलं, पाकळ्यांकडं बघितलं. मग खाली बुट्टीकडं बघितलं. मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्यात ठेवलं. खिशातला फोनही ठेवला.

घड्याळावर घड्याळ आपटल्याचा आवाज आप्पांनी ऐकला असणार. मागं वळले नाहीत.

"कोण हाय?"

"मी. निपाणीचा प्रकाश."

आप्पांची पाठ ताठ झाली. मला वाटलं, आता तरी ते वळतील. वळले नाहीत. घसा खाकरला आणि आल्यागेल्याला जसं विचारत आले तसंच विचारलं,

"घाई हाय काय?"

प्रकाशनं परत एकदा सुमनकडं बघितलं.

"न्हाय, मामा."

"मग बस."